न्हाणीघर कोणाच्या मापाचें?

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं बिडकीनच्या जुन्या घरांत, माडीवर, भिंतीपासून सुटा असा चार पायांचा स्नानाचा टब बसविण्याचा बेत केला. आम्हीं विरोध केला नाहीं. त्यांस हिशेबास बसविलें.

मध्यम टबांत सुमारें २०० लिटर पाणी मावतें. लिटरभर पाण्याचें वजन एक किलो. मुलामा दिलेला बिडाचा टब १५० किलोंच्या आसपास, स्नान करणारा ६० किलोंचा. म्हणजे ४०० किलोंचा भार! लांकडी तुळयांच्या माळवदानें तो कसा सोसावा? ॲक्रिलिकचा टब पुष्कळ हलका, परंतु पाण्याचें वजन तेंच. तेवढें पाणी १५ अंशांनीं तापविण्यास साडेतीन युनिट वीज लागते. शिवाय जायकवाडी जवळ असलें, तरी २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें मराठवाड्यांतील माणसानें विसरूं नये.

चिरंजीव डगमगले नाहींत. "टब खालीं बसवूं, वापरलेलें पाणी केळींस सोडूं," असें म्हणाले. तोंच आमच्या ऐंशी वर्षांच्या वहिनींनीं विचारलें, "भावजी, तो काठ मीं ओलांडायचा कसा?" काठ जवळजवळ दोन फूट उंच, आणि गेल्या पावसाळ्यांत वहिनी उंबऱ्यास अडखळून पडल्या होत्या. चिरंजीव निरुत्तर झाले.

अखेर त्याच पैशांत खरखरीत फरशी, भिंतीस धरावयास दांडा, रुंद चौरंग व पितळी घंगाळ आलें. टब निंद्य नव्हे. परंतु एकत्र कुटुंबाचें न्हाणीघर घरांतील सर्वांत अशक्त माणसाच्या मापानें योजावें.