पुढें न येणारें आसन

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याच्या गाडीचें चालकाचें आसन मागें गेलें, तें पुढें येईना. या आसनास हातानें ओढावयाचा दांडा नाहीं. बाजूचें बटण दाबलें कीं विजेची मोटर त्यास रुळावरून सरकविते. पुतण्या सहा फूट उंच, त्याची कांहींच अडचण झाली नाहीं. परंतु आमच्या ज्येष्ठ बंधूंस आठवड्यांतून दोनदां नेवाशाहून नगरास (२०२४ पासून अहिल्यानगर) डायलिसिससाठीं नेण्याचें काम सूनबाईकडे, आणि तिचा पाय ब्रेकवर पुरता टेकेना. पाठीशीं उशी घेऊन ती एकदां गेली. दुसऱ्यांदां मीं जाऊं दिलें नाहीं.

कारागीर आला. पाहतांच ‘मोटर जळाली, नवी घाला’ म्हणाला. नगरजवळ वाहननगरांत संरक्षण खात्याची वाहनसंशोधन संस्था आहे, तेथें गाड्यांची कसून परीक्षा होते. आमच्या गाडीची परीक्षा मात्र आंगणांत, एका निवृत्त मास्तरास करावी लागली. यंत्रविद्या आम्हांस येत नाहीं. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह तेवढा तारुण्यांत पाठ केला होता. मीं विचारलें, “आसन मागें जातें ना?” “जातें.” “मग मोटर जळाली कशी?”

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. अशा मोटरीस दोन जाड तारा असतात. बटण सोडलेलें असतां दोन्ही ऋणाकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जोडलेल्या असतात. मागें दाबलें तर एकीस धन मिळतें, पुढें दाबलें तर दुसरीस. प्रवाह उलटतो आणि मोटरही उलटी फिरते. म्हणजे दोन्ही गतींस त्याच तारा, तीच मोटर, तोच फ्यूज. यांतील एखादें तुटलें असतें तर आसन मागेंही गेलें नसतें. अन्वय-व्यतिरेकानें पाहतां निराळे उरतात ते बटणाच्या पोटांतील स्पर्शबिंदूच. (जागा लक्षांत ठेवणाऱ्या आसनांत मध्यें नियंत्रक-पेटी असते, तेथें हा तर्क पेटीपाशीं थांबतो व पुढें स्कॅनर लागतो.)

एक शंका उरली : रुळांत कांहीं अडकलें असेल तर? त्याची परीक्षा घरांतील कोणीही करावी. इंजिन बंद ठेवून छतांतला दिवा लावावा व बटण दाबावें. दिवा किंचित् मंदावला तर प्रवाह मोटरीपर्यंत जात आहे, अडथळा रुळांत आहे. दिवा मात्र जुन्या तऱ्हेचा, तंतूचा हवा. आमचा दिवा मागें दाबतां मंदावला, पुढें दाबतां तसाच राहिला.

मग कारागिरानेंच मोटरीचा जोड सोडवून दोन तारांमध्यें टेस्टलॅम्प धरला. मागें दाबतां उजळला, पुढें दाबतां नाहीं. मल्टिमीटरपेक्षां हा गरीब दिवा बरा. एकच सूत शाबूत असलेली तारही मीटरवर १२ व्होल्ट दाखविते, पण भार पडतांच लंगडते. आसनाखालच्या पिवळ्या आवरणाच्या तारांस मात्र त्यास हात लावूं दिला नाहीं. त्या एअरबॅगच्या, तेथें टेस्टलॅम्प लावल्यास पिशवी अवचित फुटून माणूस जायबंदी व्हावयाचा.

बटण उघडलें. एका स्पर्शबिंदूवर हिरवट गंज, भोंवतीं चिकट थर. तेव्हां कोठें उलगडा झाला. चैत्रांत शिंगणापुराहून परततांना सर्वांनीं रसवंतीवर उसाचा रस घेतला होता, आणि एक पेला गाडींतच आला होता.

नवें बटण बसविलें. पुढच्या मंगळवारीं बंधू वेळेवर नगरास पोंचले. पेला कोणाचा, याची कबुली अद्याप कोणत्याही नातवानें दिलेली नाहीं.