ठिणगीची वेळ

जैन काळगणनेत ‘समय’ हे काळाचे सर्वांत सूक्ष्म एकक मानले आहे. त्याचे आणखी तुकडे होऊ शकत नाहीत. पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय उलटून जातात. अशा असंख्य समयांची एक आवलिका होते आणि गणना पुढे वाढत वाढत अठ्ठेचाळीस मिनिटांच्या मुहूर्तापर्यंत येते. सामायिक करणाऱ्या प्रत्येक श्रावक-श्राविकेला हा मुहूर्त परिचयाचा आहे. गौतमस्वामींना भगवान महावीरांनी केलेला अप्रमादाचा उपदेश मात्र मुहूर्ताशी न थांबता थेट समयापर्यंत जातो.

इतक्या सूक्ष्म काळाचा संबंध साधनेशी असेल, रोजच्या व्यवहाराशी कसला, असे एखाद्याला वाटेल. परंतु मोटारगाडीच्या आरंभकाळाकडे पाहिले तर निराळेच चित्र दिसते. सेकंदाच्या काही हजारांश भागाचा हिशेब चुकला म्हणून त्या काळी माणसांची मनगटे मोडत असत.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधनाची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. पिस्टन वर चढताना ते दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि त्याच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखवलेले चार टप्प्यांचे इंजिन याच क्रमाने चालते. ऐकायला हे सोपे वाटते. पण ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. मिश्रण एका झटक्यात जळत नाही. ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोहोचायला वेळ लागतो. समजा, हा वेळ सेकंदाचे दोन हजारांश आहे. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ४० हजारांश सेकंद लागतात. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत इंजिनाचा दांडा १८ अंश फिरलेला असतो. पिस्टन माथ्यावर पोहोचताच पूर्ण जोर मिळायला हवा असेल, तर ठिणगी तितके अंश आधीच पडली पाहिजे. गॅरेजमध्ये कारागीर ज्याला ‘टायमिंग अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात ते हेच.

आता इंजिन बंद आहे आणि कोणी पुढे उभा राहून लोखंडी हँडलने ते फिरवत आहे असे समजा. हाताने फार तर सेकंदाला एक फेरा होतो. त्या मंद गतीत दोन हजारांश सेकंदात दांडा एक अंशही फिरत नाही. येथे ठिणगी पिस्टन माथ्यावर आल्यावर, किंबहुना किंचित मागाहून पडावी लागते. ती १८ अंश आधी पडली, तर पिस्टन अजून वर चढत असतानाच स्फोट होतो, पिस्टन उलटा ढकलला जातो आणि हातातले हँडल प्रचंड वेगाने उलटे फिरते. वेगात हितकारक असलेली तीच ठिणगी सुरुवातीला घातक ठरते.

गाडीच्या पहिल्या निर्मात्यांना या प्रश्नाची जाणीव असली, तरी त्यावर ताबा नव्हता. गोटलीब डाइम्लर यांच्या १८८५ च्या इंजिनात ठिणगीच नव्हती. सिलिंडरला जोडलेली एक लहान नळी बाहेरून ज्योतीने लालबुंद तापवलेली असे आणि दाबलेले मिश्रण त्या नळीत शिरून पेटे. केव्हा पेटायचे हे नळीची उष्णता आणि मिश्रणावरील दाब ठरवत. गाडीवानाच्या हाती जवळजवळ काहीच नसे. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्यात बॅटरी आणि थरथरणाऱ्या कॉइलची विजेची ठिणगी होती. ही दिशा योग्य होती, पण त्या काळच्या बॅटऱ्या लवकर संपत.

बॅटरीची अडचण दूर केली ती मॅग्नेटोने. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरवून इंजिनाच्याच गतीतून वीज निर्माण करणारे हे यंत्र. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे एक लहान कार्यशाळा उघडली. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्यांनी जागेवर बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. १८९७ मध्ये तो एका मोटार ट्रायसिकलला जुळवून घेण्यात आला. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. मोटारच्या सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या घरांत बॉशचे चिन्ह रोज नजरेखालून जाते. वर्तुळातील ती आकृती म्हणजे त्याच मॅग्नेटोमधील फिरणारा गाभा होय. हे चिन्हही होनोल्ड यांचेच. मायकोच्या नावाने ज्यांनी एकेकाळी प्लगची खोकी विकली आणि नाशिकचा कारखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या दुकानापर्यंत या इतिहासाचा धागा येऊन पोहोचतो.

ठिणगी आता खात्रीची झाली. तिची वेळ बदलण्यासाठी मॅग्नेटोतील पॉइंट उघडणारा भाग किंचित फिरवता येई. हे फिरवण्याचे काम मात्र गाडी चालवणाऱ्याकडे आले. स्टिअरिंगच्या चाकापाशी एक लहानसा खटका बसवलेला असे. चढ आला, गती मंदावली, इंजिन ठोके देऊ लागले, की खटका सरकवून ठिणगी मागे घ्यायची. सपाट रस्त्यावर वेग आला की पुढे घ्यायची. कुशल चालक इंजिनाचा आवाज ऐकून हे सहज करीत.

या व्यवस्थेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात या गाडीच्या दीड कोटींहून अधिक प्रती निघाल्या. तिच्या इंजिनाच्या पुढच्या बाजूस ‘टायमर’ नावाची गोल डबी असे. आत एक छोटे चाक फिरत असे आणि डबीच्या कडेवरील चार संपर्कबिंदूंना आळीपाळीने स्पर्श करीत असे. ज्या बिंदूला स्पर्श होई, त्या सिलिंडरच्या कॉइलमध्ये प्रवाह जाई आणि तेथे ठिणगी पडे. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूचा खटका एका सळईने या डबीला जोडलेला होता. खटका खाली ओढला की डबी थोडी फिरे आणि ठिणगी लवकर पडे. वर ढकलला की उशिरा पडे. ही डबी वेळोवेळी पुसावी लागे, तिला तेल द्यावे लागे. थंडीत तेल गोठून चाकाचा स्पर्श नीट होत नसे, म्हणून तेलात थोडे रॉकेल मिसळण्याचा सल्ला दिला जाई. ही डबी लवकर झिजे, त्यामुळे इतर कारखानदारांनीही आपापले टायमर बाजारात आणले आणि त्यांचा मोठा व्यापार चालला.

मालकाला दिलेल्या सूचना स्पष्ट होत्या. हँडल मारण्यापूर्वी खटका वर ढकलून ठिणगी मागे घ्यावी. हँडल खाली दाबू नये, वर ओढावे. जाणकार आणखी एक गोष्ट सांगत: अंगठा मुठीसारखा वळवून धरू नये, इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे हँडल उलटले तर हातातून निसटेल. एवढी काळजी घेतली तर धोका फारसा नव्हता. परंतु काल सायंकाळी वेगात येताना खटका खाली ओढलेला असे, घरी पोहोचल्यावर तो तसाच राहून जाई आणि सकाळी घाईत कोणाच्या लक्षात येत नसे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला वैद्यकात आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच काळाचे स्मरण आहे.

हे नाव विचार करायला लावणारे आहे. शोफर म्हणजे पगारी चालक. श्रीमंतांच्या गाडीत मालक मागच्या आसनावर बसलेला असे आणि हँडल मारणारा हात नोकराचा असे. आपल्याकडेही ट्रकला हँडल मारण्याचे काम बहुधा क्लीनरच्या वाट्याला येई. खटका कोणी कुठे ठेवला यावर त्याचा काही अधिकार नसे. चूक एकाची आणि मोडलेला हात दुसऱ्याचा, असा हा मामला होता.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात कॅडिलॅक गाड्यांचे निर्माते हेन्री लीलँड यांच्याविषयी एक हकिगत सांगितली जाते. त्यांचे स्नेही बायरन कार्टर, जे स्वतः मोटारींचे निर्माते होते, वाटेत बंद पडलेल्या एका गाडीला मदत करण्यासाठी थांबले. ठिणगी मागे घ्यायची राहिली होती. हँडल उलटले, त्यांच्या जबड्याला मार बसला आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. कार्टर १९०८ मध्ये निवर्तले. आपल्या गाडीमुळे यापुढे कोणाला अशी इजा होता कामा नये, असा लीलँड यांनी निश्चय केला, असे ही हकिगत सांगते.

ज्यांच्या हातून हा निश्चय पुरा झाला ते चार्ल्स केटरिंग गल्ल्याच्या धंद्यातून आले होते. ओहायो राज्यातील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत असताना त्यांनी विजेवर चालणारे गल्ल्याचे यंत्र तयार केले होते. त्यातील लहानशी मोटर क्षणभरच जोर लावते आणि थांबते; म्हणून ती छोटी असली तरी चालते. अनेकांच्या मते इंजिन हलवण्यासाठी इंजिनाएवढीच मोठी विजेची मोटर लागली असती. केटरिंग यांनी गल्ल्याचा अनुभव ध्यानात ठेवला: जोर क्षणभरच हवा आहे. त्याआधी त्यांनी कॅडिलॅकसाठी बॅटरीवरील सुधारित ठिणगीयंत्रणा दिलीच होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. मॉडेल टीलाही १९१९ पासून तो मिळू लागला. हँडल सुटले आणि हात वाचला.

खटका मात्र अजून होता. त्याची जागा हळूहळू अशा रचनेने घेतली, जी मोठ्या गाजावाजाशिवाय डिस्ट्रिब्युटरच्या डबीत जाऊन बसली. जत्रेतील चक्रीपाळणा वेगाने फिरू लागला की टांगलेल्या खुर्च्या बाहेरच्या बाजूला झुकतात. तशीच दोन लहान वजने डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर बसवलेली असतात. इंजिन मंद असताना स्प्रिंग त्यांना आत धरून ठेवते आणि ठिणगी उशिरा पडते. वेग वाढला की वजने बाहेर सरकतात आणि पॉइंट उघडणारा भाग पुढे फिरवतात. गती उतरली की सर्व काही आपोआप मागे येते. गाडी थांबली म्हणजे ठिणगीही सुरक्षित जागी आलेली असते. कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. १९३० च्या दशकात याच्या जोडीला इंजिनातील हवेच्या ओढीने वेळ बदलणारा पडदाही आला, त्यामुळे गतीबरोबर भाराचाही हिशेब होऊ लागला. आज ही गणना इलेक्ट्रॉनिक यंत्र करते.

यात काही गमावलेही. आवाज ऐकून खटका सरकवणाऱ्या चालकाचे कौशल्य आता कोणाला शिकावे लागत नाही. पण एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येणार नाही. खटका वर ढकलण्याची सूचना अनेक वर्षे छापली जात होती, वाचली जात होती, आणि तरीही मनगटे मोडत होती. सूचना खोटी नव्हती, माणसेही वाईट नव्हती. दररोज, घाईत, थंडीत, थकलेल्या मनाने एकदाही न चुकता आठवण ठेवण्याचा भार माणसाच्या स्मृतीवर टाकला गेला होता. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये ‘अतिभार’ सांगितला आहे. जुन्या काळी त्याचा अर्थ बैलाच्या पाठीवरील किंवा हमालाच्या डोक्यावरील ओझे असा सरळ घेतला जाई. स्मृतीवर टाकलेले ओझेही त्याच पंक्तीत बसू शकते, विशेषतः ते विसरले गेल्यावर इजा दुसऱ्याला होणार असेल तर.

व्यापारी घरांत अशी खटक्याची जागा शोधायला दूर जावे लागत नाही. गोदामातील मालाची लिफ्ट दार उघडे असतानाही वर जाते. ‘आधी दार लाव’ एवढे मुलाला सांगून ठेवलेले असते. मिलच्या पट्ट्यावरील जाळी सफाईसाठी काढलेली असते, ती परत लावायची कोणाच्या तरी लक्षात असायला हवी. उंच रॅकवरचा माल काढायला लावलेली शिडी कोणीतरी धरायची असते. या प्रत्येक ठिकाणी सूचना दिलेली असते आणि बहुतेक दिवस ती पाळलीही जाते. दार लागल्याखेरीज न हलणारी लिफ्ट, जाळी काढली की पट्टा थांबवणारे बटण, रॅकलाच अडकणारी शिडी यांचा खर्च हिशेबाच्या वहीत एकदाच पडतो. त्यामुळे वाचलेला हात मात्र कोणत्याही वहीत दिसत नाही.

यतना म्हणजे सावध राहून केलेली कृती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पूंजणीने जागा पुसून मग बसणारे साधू-साध्वी केवळ दृष्टीवर विसंबत नाहीत. ते साधन जवळ बाळगतात. डिस्ट्रिब्युटरमधील ती दोन वजने त्याच प्रकारचे साधन आहेत. माणूस विसरणार, हे मान्य करून ती तेथे बसवलेली आहेत.