साहेब गेला, मंडळीचे काय?

मिशनच्या बंगल्याला कुलूप लागले म्हणजे त्या भागातील ख्रिस्ती मंडळी वाढते की सुकते, हा प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस परका वाटेल. तो परका नाही. ज्या संस्थेच्या कणगीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते, तिचे तो दुसरा निघून गेल्यावर काय होते, एवढाच हा प्रश्न आहे.

वऱ्हाडची हकीकत अशी. 1880 नंतरच्या दशकात फुलर पतिपत्नी अकोल्यास काम करू लागली. पुढे तेथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे ठाणे जमले. मेळघाटच्या कोरकूंसाठी 1890 साली एक निराळे मिशन निघाले. 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत पोरकी झालेली मुले मिशनांनी पदरात घेतली. शाळा, दवाखाना, देऊळ आणि भोवती चाकरांची घरे, असे एकेक ठाणे असे. मास्तर, कंपौंडर, उपदेशक, माळी, सर्वांचा पगार एकाच पेटीतून निघे.

हे उपकार आम्ही विसरत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे आम्ही विसरू तरी कसे? परंतु उपकार निराळा आणि पायाखालची जमीन निराळी.

स्वराज्य आले आणि दिवस पालटले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होते. त्या सरकारने 1954 साली नियोगी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू, अशा परदेशी मिशनऱ्यांस परत पाठवावे, असे तिने 1956 साली सुचविले. नव्या साहेबांस परवाने मिळणे कठीण झाले. 1976 साली परदेशी देणग्यांवर कायदा आला. जुने साहेब म्हातारे होऊन गेले, त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत.

मग मंडळीचे काय व्हावे? जेथे ख्रिस्ती माणूस आवारातला चाकर होता, तेथे पगार थांबताच तो शहराकडे निघतो आणि देवळातले बाक रिकामे पडतात. सातपुड्यापलीकडे हरद्यास काम केलेले मॅकगॅव्हरन साहेब यांनी 1955 साली आपल्याच लोकांस हा दोष दाखविला. ठाण्याची पद्धत माणसाला त्याच्या भाऊबंदांतून तोडून आवारात आणते, त्यामुळे मंडळी वाढत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यापुढे विचारतो: उद्या ते आवारच मोडले, तर त्या माणसाने कोणाच्या ओसरीवर बसावे?

उलट दाखला मादागास्करचा घ्या. तेथील राणीने 1835 साली ख्रिस्ती धर्मास बंदी केली, गोरे उपदेशक निघून गेले, कित्येकांस देहदंड झाला. 1861 साली राणी वारली व उपदेशक परतले, तेव्हा मंडळी पूर्वीपेक्षा मोठी झालेली दिसली. कारण काय? शास्त्र त्यांच्या स्वतःच्या भाषेत छापलेले होते, आणि ते वाचून दाखविणारी माणसे त्यांच्याच घरची होती. पगार देणारा कोणी नव्हता, म्हणून पगार थांबण्याची भीतीही नव्हती.

आपल्याकडेही हे कळलेले माणूस होऊन गेले. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला व देवाचा दरबार काढला. आपल्या मातीतला धर्म आपल्या भाकरीवर चालावा, हा त्यांचा ध्यास होता.

परंतु गरिबाला उपदेश करणे सोपे आहे. 1950 च्या हुकुमाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; 1956 साली शिखांस व 1990 साली बौद्धांस त्या मिळाल्या; ख्रिस्ती झालेल्या महार-मांगास मात्र नाहीत. गावकुसाबाहेरचे घर तेच, हातातले काम तेच, तरी सरकारी दार बंद. इकडे मिशनचे दारही लागले. अशा वेळी कोणी कागदावर एक धर्म लिहितो आणि घरात दुसरा पाळतो. त्याला लबाड म्हणण्यापूर्वी, त्याच्या मुलाची फी कोण भरणार याचे उत्तर द्यावे. मंडळी घटली की वाढली, हे शिरगणतीच्या आकड्यांवरून ठरविणारांनीही हे ध्यानात धरावे.

म्हणून आमचे सांगणे दोन्हीकडे आहे. ख्रिस्ती बंधूंनो, बंगला कोणाचा, आवार कोणाचे, यावरून भांडत कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. मूठमूठ ज्वारी जमवून आपला उपदेशक आपण पोसा, आणि विहिरीवर, बाजारात, लग्नकार्यात आपल्या सोयऱ्यांशी संबंध राखा. असे पोसलेले रोप उंच नसेल, पण त्याची मुळी आपल्या जमिनीत असेल.

आणि आमच्या वाचकांनो, त्यांस हसू नका. भटावाचून लग्न लावा, असे सत्यशोधक समाज 1873 सालापासून सांगत आला; तरी आजही मुहूर्तासाठी आपण कोणाच्या दारी जातो? आपली वसतिगृहे, आपल्या सोसायट्या सरकारी अनुदान एक वर्ष थांबले तर किती दिवस उभ्या राहतील? साहेबावाचून मंडळी आणि भटावाचून लग्न, ही एकाच शाळेतली दोन गणिते आहेत. दुसऱ्याच्या मोटेवर भिजलेले शेत त्याचे बैल सुटले की वाळते. विहीर आपणच खणली पाहिजे.