पालकांचा हक्क की पालकांची सबब?

शाळा निवडण्याचा अधिकार आईबापांचा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. इंग्रजी ही ज्यांची भाषा नाही अशा मुलांना इंग्रजी शाळांचे दरवाजे बंद करणारा हुकूम मुंबई सरकारने १९५४ साली काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तो हुकूम त्याच वर्षी रद्द झाला, हे उचितच झाले. कर्नाटक सरकारने १९९४ साली चौथीपर्यंत मातृभाषा अथवा कन्नड माध्यमाची सक्ती केली. तीही ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने मोडून काढली. मुलाची मातृभाषा कोणती हे आईबाप ठरवतील, सरकार नव्हे, असा निर्वाळा मिळाला. बेळगावकडील मराठी माणसाने तरी त्याबद्दल कुरकुर करू नये. आज सक्ती मातृभाषेची असेल. उद्या ती राज्यभाषेची होण्यास वेळ लागत नाही.

परंतु या हक्काचा जो उदोउदो आमच्या बृहन्महाराष्ट्रीय मंडळींत चालला आहे, तो मात्र आम्हांस पटत नाही. निवड म्हणजे निदान दोहोंतून एक उचलणे. जेथे मराठी शाळाच उरली नाही, तेथे आईबाप निवडतात काय? दोन इंग्रजी शाळांच्या गणवेशांचे रंग!

घटनेतील ३५०-अ हे कलम १९५६ पासून आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने हिशेब मांडून ठेवला होता : शाळेत अशी ४० किंवा एका वर्गात १० मुले असली की त्या भाषेचा शिक्षक द्यावा. दहा मुले! आमच्या गणेशोत्सवात नाट्यछटा म्हणावयास याहून अधिक मुले रांगेत उभी असतात. मग अर्जावर दहा सह्या का होत नाहीत? मागावयास जावे, तर ‘आमची बदलीची नोकरी’ हे उत्तर ठरलेले. बदलीची अडचण खरी, ती आम्ही नाकारीत नाही. पण ज्याचे घर, दुकान आणि मतदारयादीतील नाव तीन पिढ्या एकाच शहरात आहे, त्यानेही तेच सांगावे?

सरकार साळसूदपणे म्हणते, मागणी नाही म्हणून शिक्षक नाही. पालक म्हणतात, शिक्षक नाही म्हणून मागणी नाही. दोघांचेही भागते. ज्या मंडळांनी आपल्या भागातील पाच ते दहा वर्षांच्या मराठी मुलांची यादी अद्याप केलेली नाही, त्यांनी ती आधी करावी. वर्गणीची पावतीपुस्तके मागाहून छापावीत.