डबीच्या मागच्या बाजूला

तिशीला अजून दोन वर्षं आहेत. तरी परवा रूममेटने माझ्या डोळ्याखाली बोट ठेवून जाहीर केलं, "ही बघ, पहिली सुरकुती!" झालं. लंच टाइममध्ये आम्ही थेट मॉलमध्ये. तिथे एक हिरवीगार डबी दिसली, ‘शंभर टक्के नॅचरल, अँटी-एजिंग’, आणि वर चक्क सीताफळाचं चित्र. मी बीडची. आमच्या बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय. माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं आणि ८९९ रुपये गेले.

घरी येऊन डबी उलटी केली. (दुकानातच करायची असते, माहितेय!) एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याहून कमी असलेले त्यानंतर कसेही, असा नियम आहे. पहिलं नाव ‘अ‍ॅक्वा’, म्हणजे पाणी. मग ग्लिसरीन, मेण, तेलं. मग फिनॉक्सिइथेनॉल. क्रीम खराब होऊ नये म्हणून ते घालतात आणि युरोपात त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. तेवढं धरून चाललं, तर यादीत त्याच्या खाली जे काही येतं ते जेमतेम टक्काभर किंवा त्याहूनही कमी. आमचं सीताफळ, लॅटिन नाव ‘अनोना स्क्वामोसा’, खाली होतं. शेवटून दुसरं. शेवटी ‘परफ्यूम’. या एका शब्दात किती रसायनं मावतात ते कंपनीलाच ठाऊक. सीताफळाचा तो घमघमाट कुठून येत होता, कळलं!

आणि ‘नॅचरल’? २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये अमुक टक्के असेल तरच नॅचरल म्हणा, असा आकडा नाही. ३० ग्रॅमपेक्षा लहान डबीवर तर घटकांची यादी छापायचीही सक्ती नाही.

"मग घरीच करू की," रूममेट म्हणाली, "बिया वाटून स्क्रब!" फोन स्पीकरवर होता. पलीकडून आई ओरडली, "येड लागलं का गं? उवा मारायच्या बिया तोंडाला लावायलीस? डोळा जाईल!" आई बरोबर होती. त्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, इजा होते. शंभर टक्के नॅचरल इजा.

झाडपाल्याचं सगळंच खोटं, असंही नाही हं. बावचीच्या बियांतून बाकुचिऑल काढतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४४ जणांवर १२ आठवडे ते आणि रेटिनॉल, दोन्ही ०.५ टक्के, लावून पाहिलं. सुरकुत्यांवर परिणाम जवळपास सारखा आणि त्वचेची आग कमी. माणसं थोडी होती, पण निदान मोजून पाहिलं. मात्र बावचीचं कच्चं तेल म्हणजे बाकुचिऑल नव्हे. त्या बियांत सोरालेनही असतं, त्यामुळे ते लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते. म्हणून लेबलवर ‘बावची’ दिसली की थांबा. बाकुचिऑल असं स्पष्ट लिहिलंय का आणि किती टक्के, ते बघा. टक्का छापलेला नसेल तर मी तरी डबी परत ठेवते.

बाकी सुरकुत्या पाडण्यात ऊन सगळ्यांत पुढे, आणि बीडकरणीला ऊन काय ते सांगायला नको. आता एसपीएफ ३० चं साधं सनस्क्रीन घेतलंय. हिरवी डबी टाचांना लावून संपवतेय.

शनिवारी आईने एसटीने सीताफळं पाठवली. दोघींनी चमच्याने खाल्ली. बिया मोजून डस्टबिनमध्ये टाकल्या आणि हात दोनदा धुतले.