दोन दिवसांचा कारभारी

पूर्वी मंडळाच्या कार्यक्रमात धंदा करणारी मंडळी एकत्र आली की ग्राहक पैसे कधी देणार आणि विम्याचा हप्ता किती वाढला, एवढेच बोलणे व्हायचे. हल्ली त्यात एका शब्दाची भर पडली आहे : 'फ्रॅक्शनल'. "आम्ही फ्रॅक्शनल सीएफओ घेतला", "आमचा सीओओ फ्रॅक्शनल आहे" असे लोक नवी गाडी घेतल्याच्या थाटात सांगतात. अर्थ एवढाच की हा मोठा अधिकारी आठवड्यातून एक-दोन दिवस आपल्याकडे असतो आणि उरलेले दिवस आणखी तीन-चार कंपन्यांकडे.

माझा या पद्धतीला विरोध नाही. ती ज्या कारणासाठी निवडली जाते, त्याला मात्र जोरदार विरोध आहे. गेली बावीस वर्षे मी अमेरिकेत लहान-मध्यम कंपन्यांचे हिशेब आणि कारभार सांभाळतो आहे. कधी आठवड्यातून दोन दिवस, कधी सहा-आठ महिने पूर्णवेळ. दोन्ही प्रकारांवर माझे घर चालते, त्यामुळे एकाची जाहिरात करून मला काही मिळवायचे नाही. तेव्हा स्पष्टच सांगतो. आपली बरीच मंडळी अर्धवेळ माणूस घेतात तेव्हा त्यांना खरी गरज हंगामी माणसाची असते. हे त्यांना मनातून कळतही असते. तरी अर्धवेळच घेतात, कारण तो स्वस्त वाटतो आणि त्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागत नाहीत.

दोन शब्दांची गल्लत होते, म्हणून आधी फरक सांगतो. आपल्याकडे बाळंतपणाला भारतातून आई येते. ती चोवीस तास घरात असते. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असते, बाळाला कधी न्हाऊ घालायचे ते ती ठरवते आणि तिच्या परतीचे तिकीट आधीच काढलेले असते. हा हंगामी कारभार : पूर्णवेळ, पूर्ण अधिकार, पण मुदतीचा. याउलट, दर शनिवारी मुलांना गणित शिकवायला येणारे मास्तर वर्षानुवर्षे येतात, त्यांच्यामुळे मुलांचे भलेही होते. पण मंगळवारी रात्री मुलाला ताप आला तर त्यांना कोणी फोन करत नाही. हा अर्धवेळ कारभार. दोघांचीही घराला गरज पडते. बाळंतपणाला मास्तर बोलावले तर मात्र हसे होईल.

धंद्यात नेमके हेच चालले आहे. आपल्या घरांतून उभ्या राहिलेल्या कंपन्या डोळ्यांसमोर आणा. आयटी कन्सल्टिंग, फार्मसी, प्रयोगशाळा, वाणसामानाची दुकाने. नवरा ग्राहक आणतो, बायको हिशेब, पगार आणि चेकबुक सांभाळते. आठ-दहा माणसे असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. तीस-चाळीस झाली की धागे सुटू लागतात आणि नेमका तेव्हाच जुना अकाउंटंट किंवा मॅनेजर सोडून जातो. खुर्ची रिकामी होते. मग कोणीतरी सुचवतो, "पूर्ण पगार कशाला देतोस? दोन दिवसांचा माणूस बघ."

अशा एका कंपनीचा कारभार मी जवळून पाहिला. कन्सल्टंट पुरवण्याचा धंदा, पस्तीसेक माणसे, त्यांतली बरीच एच-वन-बी व्हिसावर. हिशेब पाहणारा गेला आणि त्याच्या जागी सोमवार-मंगळवारचा सीएफओ आला. माणूस हुशार होता. त्याने पुढच्या वर्षाचा अंदाज मांडला, सुंदर तक्ते केले. पण पगार व्हायचा शुक्रवारी. मोठ्या ग्राहकाचे पैसे अडकल्याचे कळले बुधवारी. बँकेचा फोन आला गुरुवारी. या तिन्ही दिवशी सीएफओ दुसऱ्या कंपन्यांत होता. शेवटी घरच्या बाईंनी जे सुचले ते केले : पगारातून कापलेल्या कराचे पैसे त्या आठवड्यात भरले नाहीत, ते वापरून पगार दिले. "पुढच्या महिन्यात भरू." पुढचा महिनाही तसाच गेला.

इथे काय पणाला लागते हे आपल्या घरोघरी माहीत असायला हवे. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला प्राप्तिकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा त्याचा वाटा हा मालकाचा पैसा नसतो. ती सरकारची आपल्याकडे ठेवलेली ठेव असते. ती भरली नाही तर एलएलसी किंवा कॉर्पोरेशनचा आडपडदा उपयोगी पडत नाही. कोणाला पैसे द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता आणि कर थकलेला ठाऊक असून ज्याने आधी इतरांना पैसे दिले, त्याच्याकडून आयआरएस ती सगळीच्या सगळी रक्कम व्यक्तिशः दंड म्हणून वसूल करू शकते. आपल्याकडे चेकवर सही कोणाची असते? बहुतेक घरांत बायकोची. नुसता सल्ला देणारा दोन दिवसांचा सीएफओ यातून बाजूला राहू शकतो. सही करणारी बाई राहू शकत नाही. महिन्याला वाचवलेल्या चार-पाच हजार डॉलरची ही किंमत आहे.

दुसरी किंमत कर्मचारी मोजतात. एच-वन-बीवरच्या माणसाला प्रकल्प नसला तरी पगार देणे मालकाला बंधनकारक आहे. नोकरीच गेली तर २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याला दुसरी व्यवस्था करायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. मुले शाळेत, घराचे भाडे चालू आणि हातात साठ दिवस. आपल्यापैकी अनेकांनी ती धाकधूक स्वतः अनुभवली आहे. आज आपण मालक झालो म्हणून ती विसरायची का?

आता अर्धवेळवाल्यांचे म्हणणेही ऐकू या. ते पहिले नाव घेतात स्टीव्ह जॉब्सचे. "जॉब्स एकाच वेळी पिक्सार आणि ॲपल चालवत होता की नाही?" होता. सप्टेंबर १९९७ मध्ये तो ॲपलचा हंगामी सीईओ झाला आणि 'हंगामी' हे बिरुद त्याने जानेवारी २००० मध्ये उतरवले. पण या गोष्टीचा पहिला भाग कोणी सांगत नाही. हे पद घेण्याच्या आधीच, ऑगस्ट १९९७ मध्ये, ॲपलचे जवळजवळ सगळे संचालक मंडळ बदलले गेले होते आणि ते बदलण्यामागे जॉब्सच होता. नको ती उत्पादने बंद करायला त्याला कोणाची मनधरणी करावी लागली नाही. तुमच्या दोन दिवसांच्या माणसाला तुम्ही हजार डॉलरच्या चेकवर सही करू देत नाही आणि उदाहरण मात्र जॉब्सचे देता!

दुसरे नाव जॅक डॉर्सीचे. २०१५ ते २०२१ तो ट्विटर आणि स्क्वेअर या दोन्ही कंपन्यांचा प्रमुख होता. त्याचे काय झाले? २०२० साली एका मोठ्या गुंतवणूकदार संस्थेने त्याला हटवण्याची मोहीम काढली आणि तिचा एक मुख्य आक्षेप हाच होता की दोन कंपन्यांना एक माणूस पुरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने ट्विटर सोडले. ज्या कंपनीत पायरीपायरीवर उपाध्यक्ष बसलेले, तिथे ही गत. आपल्या कंपनीत तर त्याच्या खाली रिसेप्शनिस्ट असते.

हंगामी कारभाराचे नीट उदाहरण हवे तर आपल्याच पुण्यात १९८१ साली जन्मलेल्या इन्फोसिसचे घ्या. १८ ऑगस्ट २०१७ रोजी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी यू. बी. प्रवीण राव यांना हंगामी सीईओ नेमले. आठवड्याभरात नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परत आले आणि २ जानेवारी २०१८ पासून सलील पारेख यांनी सूत्रे घेतली. खुर्ची एक दिवसही रिकामी राहिली नाही. हंगामी माणूस पूर्णवेळ होता, कंपनी आतून ओळखणारा होता आणि त्याची मुदत नव्या माणसाच्या येण्याला बांधलेली होती. भारताचा २०१३ चा कंपनी कायदाही हेच शहाणपण सांगतो. ज्या कंपन्यांना पूर्णवेळ प्रमुख अधिकारी नेमणे बंधनकारक आहे, तिथे रिकामी झालेली जागा सहा महिन्यांत भरावी लागते आणि तो अधिकारी उपकंपनी सोडून दुसऱ्या कंपनीत तसेच पद धरू शकत नाही. आपल्या छोट्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही, पण त्यामागचा विचार फुकट मिळतो आहे, तो घ्यायला काय हरकत आहे?

अर्धवेळ माणूस कुठे शोभतो, तेही सांगायला हवे, नाहीतर लेख एकांगी होईल. एका कुटुंबाच्या दोन फार्मसी होत्या, तिसरी उघडायची होती. खुर्ची रिकामी नव्हती, आगही लागली नव्हती. दर महिन्याचे ताळेबंद वेळेवर लागावेत, कोणत्या दुकानात खरा नफा आहे ते कळावे, बँकेपुढे नीट कागद ठेवावेत, एवढीच गरज होती. तिथे आठवड्यातून एक दिवस येणारा माणूस दोन वर्षे पुरला आणि जाताना घरच्याच मुलीला तयार करून गेला. तिथे पूर्णवेळ हंगामी माणूस आणला असता तर त्याने रिकाम्या वेळात मोठी सॉफ्टवेअरची व्यवस्था उभी केली असती आणि तो गेल्यावर ती चालवायला कोणी उरले नसते.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. गेल्या महिन्याचे निर्णय आठवा. त्यांतले किती "तो सोमवारी येईल तेव्हा बघू" म्हणून थांबू शकले असते? बहुतेक थांबू शकले असते तर अर्धवेळ माणूस घ्या आणि सुखी राहा. रोज काही ना काही त्याच दिवशी ठरवावे लागत असेल तर पूर्णवेळ हंगामी माणूस आणा, सहा महिने त्याचे पैसे मोजा आणि त्या सहा महिन्यांत कायमचा माणूस शोधा. हा शोध पहिल्या आठवड्यात सुरू करायचा, पाचव्या महिन्यात नाही.

आणि कोणालाही आणा, अधिकार कागदावर द्या. किती रकमेपर्यंत सही, कोणाला नेमायचे वा काढायचे, बँकेशी आणि वकिलाशी कोण बोलणार, हे सर्व पहिल्याच दिवशी लिहा. अमेरिकेच्या करकायद्यात कंपनीचा अधिकारी हा साधारणपणे कर्मचारीच मानला जातो. तेव्हा सीएफओ म्हणून खरे अधिकार देऊन त्याला डोळे झाकून कंत्राटदार दाखवण्याआधी वकिलाला विचारा.

'बारभाईचा कारभार' म्हणून आपण गोंधळाला नावे ठेवतो. पण नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर, १७७४ साली, त्या बारभाईंनी राघोबादादांना दूर सारून सवाई माधवरावांची गादी राखली. तान्ह्या पेशव्याच्या नावाने चाललेला तो हंगामी कारभारच होता. तो टिकला, कारण सूत्रे लवकरच सखारामबापू आणि नाना फडणीस अशा मोजक्या हातांत आली आणि ते हात रोज कामावर होते.

आपले मंडळ आपण सगळेच अर्धवेळ चालवतो आणि ते छान चालते. पण मंडळात कोणाचा पगार शुक्रवारी व्हायचा नसतो. ज्यांच्या कंपनीत तो व्हायचा असतो, त्यांनी आज रात्री नवरा-बायकोने एकत्र बसून एवढेच पाहावे : आपल्याकडे बुधवारी निर्णय कोण घेतो? त्याचे उत्तर "कोणीच नाही" असेल, तर दोन दिवसांच्या कारभाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.