बिऱ्हाडाचा खर्च कोणाचा?

केंद्र सरकारच्या एखाद्या अधिकाऱ्याची नागपूरहून बंगळूरला बदली झाली, तर त्याचे बिऱ्हाड हलविण्याची जबाबदारी सरकार आपल्या शिरावर घेते. कुटुंबाचे प्रवासभाडे मिळते. सामान वाहून नेण्याचा खर्च मिळतो. नव्या गावी संसाराची घडी बसावी म्हणून मूळ मासिक वेतनाच्या ८० टक्के रक्कम अनुदान म्हणून हाती पडते. रुजू होण्यापूर्वी काही दिवसांची सवड मिळते. बदलीमुळे मुलांच्या शिक्षणाची आबाळ होऊ नये म्हणून १९६३ पासून देशभर केंद्रीय विद्यालये उभी राहिली. यात गैर काहीच नाही. ज्याच्या कामासाठी माणूस घर सोडतो, त्यानेच ते घर हलविण्याचा खर्च सोसावा, हे न्यायाचे साधे तत्त्व आहे. सरकारने ते आपल्या नोकरांपुरते कधीच मान्य केले आहे.

हेच तत्त्व बीड जिल्ह्यातून बेळगाव किंवा बागलकोटच्या साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला लावून पाहावे, म्हणजे या प्रजासत्ताकात नागरिकांच्या दोन जाती कशा नांदतात हे ध्यानात येईल. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातील ज्या वाटा कोयत्याकडे वळल्या, त्या अर्धशतक उलटून गेले तरी परतलेल्या नाहीत. बीड, जालना, धाराशिव, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील लाखो माणसे दरवर्षी सहा महिन्यांसाठी घर मोडतात. त्यांतील पुष्कळांचा मुक्काम राज्याची सीमा ओलांडून विजयपूर, बेळगाव, बागलकोट, कलबुर्गीच्या फडात पडतो. त्यांचे घर हलविण्याचा खर्च सरकार देत नाही, कारखाना देत नाही, ऊस पिकविणाराही देत नाही. तो खर्च मजूर स्वतः करतो, आणि तोही कर्ज काढून.

या कुटुंबाची तयारी सामान बांधण्यापासून नव्हे, तर कर्ज घेण्यापासून सुरू होते. पावसाळ्यातच मुकादम गावात येतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असा हिशेब धरतो आणि येणाऱ्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. आज एका कोयत्यामागे ती लाखाच्या घरात जाते. तिच्यातून आधी मागचे देणे फिटते, मग पेरणीचा, लग्नाचा, दवाखान्याचा खर्च निघतो. जे काही उरते त्यातून परराज्यातला सहा महिन्यांचा संसार उभा करायचा असतो. बाजरी-ज्वारीची पोती, तिखट-मीठ, तवा-परात, पाण्याच्या घागरी, कोपीवर घालायला ताडपत्री, बांबू आणि दोऱ्या, लोहाराकडून पाणी देऊन आणलेले कोयते. बैलगाडी असेल तर बैलांच्या खुरांना पत्र्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास हे सारे ट्रकात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचले जाते आणि त्या ढिगावर मुले बसतात. म्हातारी माणसे घर राखायला मागे राहतात. तान्ह्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळा सोडून सोबत निघते. गाडी मुकादमाची असते आणि वहीही मुकादमाचीच असते. त्या वहीत काय चढले, हे मजुराला हंगाम संपेपर्यंत दिसत नाही. आजारपणात एक दिवस काम बुडाले तर त्याचा ‘खाडा’ मात्र तीत बिनचूक चढतो.

सामानाच्या यादीत जे येत नाही, ते अधिक मोलाचे असते. शिधापत्रिका घरीच राहते. अंगणवाडीतील गरोदर बाईचे नाव गावातच राहते. शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव राहते आणि मूल फडात असते. मतदारयादी तर जागची हलतच नाही. २०२४ साली महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, तेव्हा अनेक टोळ्या गाव सोडून गेल्या होत्या. सैन्यातल्या जवानाला टपाली मतदानाची सोय आहे, ऊसतोड मजुराला ती नाही. परगावी राहणाऱ्यांना मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एका यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविण्याचा घाट घातला; पुढे त्या यंत्रावर कोणी मत दिल्याचे ऐकिवात नाही. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने देशात कोठेही संचार करण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु या स्वातंत्र्याचा वापर करताना ज्याला आपले अन्न, शिक्षण आणि मत गावच्या वेशीवर ठेवून जावे लागते, त्याने स्वातंत्र्य भोगले असे म्हणावे की नागरिकत्व गहाण टाकले असे म्हणावे?

आणि जेथे कर्ज हीच पूर्वतयारी होते, तेथे ती तयारी माणसाच्या शरीरापर्यंत जाऊन पोचते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांत खाजगी दवाखान्यांचा लोभ होता हे खरेच. पण मासिक पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही आणि उचल तर फेडायचीच आहे, हा हिशेब त्या लोभाच्या आधीपासून मांडलेला होता. ताडपत्री आणि कोयत्याबरोबर आपले गर्भाशयही हंगामाच्या सोयीने मांडून ठेवावे लागते, अशी वेळ ज्या उद्योगाने बायकांवर आणली, त्याच्या साखरेला गोड कोणत्या तोंडाने म्हणायचे?

कायदा नव्हता, अशी सबब येथे चालणार नाही. ओरिसातील ‘दादन’ मजुरांची दुर्दशा पुढे आल्यावर, जनता पक्षाच्या राजवटीत १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा संमत झाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून तो अमलात आला. कंत्राटदाराने परवाना घ्यावा. मजुराला छायाचित्र असलेले पासबुक द्यावे. घर सोडल्याबद्दल मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता द्यावा, आणि तो मजुरीतून कापू नये. जाण्यायेण्याचे भाडे द्यावे आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीही द्यावी. राहण्याची व औषधोपचाराची सोय करावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. त्याचे १९ वे कलम तर उचलीच्या मुळावरच घाव घालणारे होते. कामाच्या काळात कंत्राटदाराकडून घेतलेले जे कर्ज मुदत संपेपर्यंत फिटले नसेल, ते नाहीसे झाले असे मानावे, त्याच्या वसुलीसाठी दावा चालणार नाही, असे ते कलम सांगत होते. म्हणजे अधिकाऱ्याला जे मिळते त्याचा निदान एक अंश मजुरालाही मिळावा, हे या देशाच्या संसदेने ४५ हून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले होते.

मग हे फडापर्यंत का पोचले नाही? कारण मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी मिळून बुडविले. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर मजुरांतलाच एक, मला कमिशन मिळते. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या उसाच्या दरातून आधीच कापला जातो, मी आणखी काय देऊ? अशा रीतीने ज्यांच्या हातांवाचून एक टिपरू गव्हाणीत पडत नाही, त्यांना मालकच उरत नाही. मजुरांची संख्याही कोणी नेमकी मोजलेली नाही. आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आकडे सांगितले जातात. ज्यांची मोजदादच नाही त्यांना भत्ता देण्याचा प्रश्न येतोच कोठे? २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे कारखान्यांच्या आवारात अडकून पडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की परतीच्या वाटेवर किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती आपल्याकडे नाही. न मोजणे ही कारभारातील ढिलाई नसून ते एक धोरण आहे.

आता तर तो कायदाही उरला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पूर्वी पाच आंतरराज्य मजूर असले तरी कायदा लागू होई, आता दहा लागतात. कंत्राटदारावरील बंधने ५० मजुरांपासून पुढे सुरू होतात, म्हणजे दहा-पंधरा कोयत्यांची टोळी नेणारा मुकादम त्यांतून अलगद सुटतो. प्रवासभत्ता संहितेत आहे, शिधा कोणत्याही राज्यात मिळावा असेही तीत म्हटले आहे. पण विस्थापन भत्ता गळाला आहे. घर मोडण्याची भरपाई मागण्याचा जो एकमेव कायदेशीर शब्द मजुराच्या हाती होता, तो सुलभीकरणाच्या नावाखाली पुसला गेला. ज्यांनी तो पुसला त्यांच्या स्वतःच्या बदलीचे अनुदान मात्र शाबूत आहे.

या मागणीला तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की मजूर स्वखुशीने येतात, उचल तेच मागतात. आशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे: किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हे भुकेच्या सक्तीने राबणे आहे, आणि ती वेठबिगारच होय. दुसरा आक्षेप, मुकादमाचे पैसे बुडतात, टोळ्या उचल घेऊन पळतात. तसे घडते, आणि त्यात लहान मुकादमही मोडून पडतो. पण हा युक्तिवाद उचलीच्या पद्धतीविरुद्ध जातो, तिच्या बाजूने नव्हे. घर हलविण्याचा खर्च कारखान्याने भत्ता म्हणून दिला आणि मजुरी आठवड्याला बँकेत जमा केली, तर बुडण्यासारखी उचल राहणारच नाही. तिसरा आक्षेप, कारखान्यांना परवडत नाही, मग तोडणी यंत्रे येतील. परंतु तोडणी यंत्राच्या खरेदीला सरकार अनुदान देते. लोखंड विकत घेण्यासाठी सार्वजनिक पैसा आणि माणूस आणण्यासाठी माणसाचेच कर्ज, हा परवडण्याचा प्रश्न नाही. तो कोणाला किंमत द्यायची याचा प्रश्न आहे. जानेवारी २०२४ मध्ये लढ्यानंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि कारखाने बंद पडले नाहीत, हेही विसरू नये.

महाराष्ट्र सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ झाले, २०२१ मध्ये मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली. परंतु महामंडळासाठी टनामागे जो निधी घ्यायचा, तो महाराष्ट्रातील कारखान्यांकडून. निपाणीच्या पलीकडे पडलेल्या घामावर त्याचा हक्क चालत नाही. बेळगावच्या भूमीसाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, सीमाप्रश्नावर सभा गाजल्या, घोषणा घुमल्या. त्याच भूमीवर दरवर्षी सहा महिने ताडपत्रीखाली राहणाऱ्या मराठी मजुरासाठी मुंबईहून बंगळूरला एखादे पत्र तरी किती निष्ठेने गेले? अस्मितेला नकाशा दिसतो, कोपी दिसत नाही.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांपुढचे काम स्पष्ट आहे, आणि ते गाड्या भरण्यापूर्वीचे आहे. हंगाम संपल्यावर अहवाल लिहिणारे पुष्कळ आहेत. दसऱ्याच्या आधी गावागावांत ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंद झाली पाहिजे: कोण निघाले, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, किती उचल घेऊन. त्या नोंदीची प्रत मजुराच्या हाती असली पाहिजे. नवरा आणि बायको यांची नावे वेगळी लिहिली गेली पाहिजेत. अर्धा कोयता नावाची कोणी स्त्री या जगात नाही. शिधापत्रिकेतील कोणाचे धान्य गावी उचलायचे आणि कोणाचे फडाजवळ, हे आधी ठरले पाहिजे. मुलाला शाळेचा दाखला तत्काळ मिळणे हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला हक्क आहे. जे मूल जाईल त्याच्या पिशवीत तो असला पाहिजे आणि जे राहील त्याच्यासाठी वसतिगृहाचे दार हंगामाआधी उघडले पाहिजे. बेळगाव-बागलकोटकडील कन्नड साथींशी संधान बांधून टोळी उतरेल तेथे कोणीतरी उभे राहिले पाहिजे.

आणि या सर्व कामांच्या मुळाशी एकच मागणी सतत मांडली पाहिजे. विस्थापन भत्ता परत आला पाहिजे, दोन्ही बाजूंचे भाडे कारखान्याने भरले पाहिजे, त्यासाठी दोन्ही राज्यांनी करार करून टनामागे समान आकारणी केली पाहिजे, आणि हंगाम संपला की उचलीचे देणे संपले असे वहीत लिहिले गेले पाहिजे. ही दया मागणे नव्हे. उसाच्या एका टनात बियाण्याचा, खताचा, पाण्याचा, डिझेलचा खर्च धरला जातो. त्यात मोडलेल्या घराचा खर्चही आहे, फक्त तो आजवर मजुराच्या वहीत लिहिला गेला. तो कारखान्याच्या वहीत जाईपर्यंत स्वस्थ बसणे समाजवादी म्हणविणाऱ्या कोणालाही शोभणार नाही.